बिजलीपुढची दुसरी सुपारी

एक

मुंबईहून आलेल्या अहवालाप्रमाणे बालाजी मेलेला होता.

सुकेशनीनं अहवाल पुन्हा वाचला आणि खिडकीतून बाहेर पाहिलं. मेलेला बालाजी लिंबाच्या झाडाखाली उकिडवा बसून बशीतनं चहा पीत होता, आणि मधूनच समोरच्या कुत्र्याला बिस्किटाचा तुकडा टाकत होता. पलीकडच्या ज्वारीवर धुकं इतकं दाट उतरलं होतं की लिंब, बालाजी आणि कुत्रा एवढंच काय ते जग उरलं होतं.

बोरीच्या पुढं, जिंतूर रस्त्याला, एक जुनी जिनिंग आहे. सरकी काढायचं काम तिथं केव्हाच थांबलं. आता तिच्या पोटात जाड काँक्रीटच्या भिंतींची एक खोली आहे आणि त्या खोलीत बिजली राहते. वेगवान इलेक्ट्रॉनांचा झोत सोडून रसायनांत काय उलथापालथ होते ते बघायचं, त्यासाठीचं हे यंत्र. कागदोपत्री त्याचं नाव एवढं लांब आहे की घेताना धाप लागते, म्हणून सगळे आपलं बिजलीच म्हणतात. व्यंकटरावांनी निम्मं आयुष्य घालून ती उभी केली. सुरुवातीला तिचा झोत लांबट यायचा. त्यांनी तो आखूड करत आणला, आणखी आखूड, इतका की क्षण हा शब्दही त्याला ढगळ व्हावा. "देवळात टाळी वाजवली की पारवे उडतात," ते शिकवायचे. "ते उडतात कसे हे बघायचं तर टाळी आखूड पाहिजे. लांबत राहिली तर नुसता फडफडाट ऐकू येतो."

सुकेशनी इथली सुरक्षा अधिकारी, पूर्णेच्या रेल्वे खलाशाची लेक. बिजली चालू असताना त्या खोलीत माणूस काय, मांजरही नसावं हे बघणं तिचं काम. इथं प्रत्येकाच्या छातीला एक बॅज असतो. अंगाला किती किरण लागले ते तो मोजतो. आतली चकती ठराविक मुदतीनं मुंबईला तपासायला जाते, वरचं प्लास्टिकचं घर इथंच राहतं. बालाजी बिजली चालवणारा तंत्रज्ञ, आणि दसऱ्याच्या महिन्यातल्या त्याच्या चकतीचा आकडा मोजपट्टीच्या बाहेर गेला होता. एवढे किरण लागलेला माणूस चहा पीत नाही.

म्हणजे बालाजी खोलीत नव्हता, पण बॅज होता. तो तिथं कसा गेला आणि बिजली कुणी चालवली, हे परवा येणाऱ्या तपासणी पथकाला सांगावं लागणार होतं. सांगता आलं नाही तर बिजलीला सील, आणि बॅजशी खेळ केला म्हणून बालाजीला या कामातून कायमचं बाहेर काढणार. त्याच्या घरात त्याच्याशिवाय कमावणारं कुणी नव्हतं.

तिनं त्याच्या बॅजचं रिकामं घर हातात घेतलं. चिमट्याच्या खाचेत पिवळं काहीतरी अडकलं होतं. तिनं ते नखानं काढून नाकाशी नेलं. ती हळद होती.

दोन

"बालाजी, दसऱ्याच्या सुमाराला तुझा बॅज कुठं होता?"

"खुटीलाच की, मॅडम."

"खुंटीला हळद कुठनं आली?"

बालाजीनं बशी खाली ठेवली. तो चाळिशीचा, हसरा गडी. बिजलीचा आवाज जरा बदलला तरी जेवणावरून उठणारा. आज मात्र त्यानं तोंडाला कुलूप घातलं होतं.

"आता काय ध्यानात न्हाई बगा. लय दिवस झाले."

"आकडा तूच वाढवलास असं पथक म्हणेल. बॅज मुद्दाम आत ठेवला म्हणेल."

"म्हनू द्या."

"नोकरी जाईल, बालाजी."

"जाऊ द्या. गावाकडं कापूस वेचायला मानसं मिळंना झालेत. आमी करू कायतरी." त्यानं कुत्र्याच्या डोक्यावर हात फिरवला. "मॅडम, तुमी उगी हैराण व्हायलाव. माजी चूक झाली म्हनून लिहा, म्या सही करतो."

सुकेशनीला त्याचा राग आला. खोटं बोलणाऱ्याचा येतो तसा नव्हे, हट्टी भावाचा येतो तसा. न केलेल्या चुकीवर सही करायला एवढा उतावीळ झालेला माणूस स्वतःला वाचवत नसतो. तो दुसऱ्या कुणालातरी पाठीशी घालत असतो, आणि ते कोण हे तिला कळत नव्हतं.

तीन

व्यंकटराव निवृत्त झाल्यावर केंद्राची सूत्रं उत्तराकडं आली होती. उत्तरा पुण्याची, हुशार, टापटिपीची. बिजली इथून मोठ्या शहरात हलवावी असं तिचं मत होतं आणि ते ती कुणापासून लपवत नसे.

"सील लागलं तर वाईट वाटेल," ती म्हणाली. "पण खोटं कशाला बोलू, नवल नाही वाटणार. इथं वीज टिकत नाही, माणसं टिकत नाहीत. नायट्रोजनसुद्धा गुरांच्या डॉक्टरांकडून आणावा लागतो."

ते खरंच होतं. गुरांच्या रेतनासाठी जो गारेगार, वाफाळता नायट्रोजन गावोगाव फिरतो, त्याच गाडीवाल्याकडून उत्तरा तो पातळ नायट्रोजन आपल्या डब्यात भरून घ्यायची.

"आणि तोही कमी भरतो," ती पुढं म्हणाली. "दसऱ्याची सुट्टी संपल्यावर उघडला तर डबा निम्माच. मी त्याला चांगलं झापलं. तो शपथा घेत होता की भरून दिला म्हणून."

"दसऱ्याला तुम्ही कुठं होता?"

"इथंच, क्वार्टरमध्ये. तू नागपूरला होतीस." सुकेशनी दरवर्षी दसऱ्याला आईवडिलांबरोबर दीक्षाभूमीला जाते. त्या दोन दिवसांत इथं काय झालं हे तिला ऐकूनच माहीत होतं. "खंडेनवमीला सकाळी या लोकांनी पूजा मांडली," उत्तरा म्हणाली, "दुपारी सगळे घरी गेले. मी फिरकले नाही. बिजलीच्या तोंडापुढं टेबल टाकून नारळ-फुलं! मी तिकडं गेले असते तर आधी ते टेबल बाहेर काढलं असतं."

सगळे गेले आणि ही एकटी राहिली. बाहेर पडताना सुकेशनीच्या मनात हेच घोळत होतं. बिजलीला सील लागलं तर ज्याचं काम सोपं होणार होतं, असा माणूस एकच होता. आणि तिला खोलीही उघडी होती, दिवसही मोकळा होता.

चार

कस्तुराबाई केंद्रात झाडलोट करायच्या, चहा करायच्या, आणि पूजा त्यांच्याशिवाय व्हायची नाही. त्या आवारातल्या उन्हात बसून हातातल्या बांगड्यांकडं बघत नाक मुरडत होत्या.

"बगा की सुकेशनीताई. बोरीच्या कासारानं फसवलं मला. हिरव्यागार म्हनून दिल्या, खंडेनवमीच्या पूजेत देवीम्होरं ठिवल्या, दसऱ्याला उचलून हातात घातल्या तर ह्या अशा. मातकट."

सुकेशनीनं त्यांचा हात हातात घेतला. काही बांगड्या अजून हिरव्या होत्या. काहींवर मात्र तपकिरी झाक चढली होती, तीही एकाच अंगाला, जणू तेवढंच अंग कुणी उन्हात भाजलं असावं. पण उन्हानं काच अशी होत नाही. हे कशानं होतं ते तिला चांगलं ठाऊक होतं, आणि बिचाऱ्या कासाराचा त्यात काही दोष नव्हता.

"बाई, त्या दिवशी पूजेत काय काय मांडलं होतं?"

"हत्यारं. ज्याचं त्याचं. डायव्हरची किल्ली, माझा झारा, माळ्याचं खुरपं. बिजलीची चालू करायची किल्ली मधोमध, तांदळाच्या राशीवर. बालाजीला म्हनलं तुजं काय, तर त्यानं आपला बिल्ला हारात खोवला. म्हनला, माजं हत्यार ह्येच."

"आणि मग दसऱ्यापर्यंत कुणी हात लावला नाही?"

"कोन लावल? पूजेत मांडलेलं हत्यार नवमीला उचलायचं नसतंय. त्येनाबी इसावा पाहिजे ना बाई." कस्तुराबाई जरा थांबल्या. "एक मातर झालं. म्या सुपारी एकच मांडली होती, गनपतीची. दसऱ्याला उचलाया गेले तर दोन. दुसरी किल्लीपाशी, तांदळात. म्हनलं आपलंच डोकं फिरलंय."

"बाई, अशी सुपारी कधी ठेवतात?"

"आता तुमाला कसं ठावं असनार. पूजेत ज्याची जागा रिकामी, तिथं सुपारी. नवरा गावाला गेला असंल तर बायको कनवटीला सुपारी लावून पूजेला बसती. मानूस न्हाई, मान तर हाय."

सुकेशनी त्यांचा हात तसाच धरून बसली. धुकं विरत होतं. ज्वारीच्या पानांवरचं पाणी चमकत होतं आणि सगळं आवार कुणाच्यातरी झोपेत दिसावं तसं दिसत होतं. तिला आता सगळं कळलं होतं, आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं असं तिला मनापासून वाटलं.

पाच

दुसऱ्या दिवशी परभणीहून नांदेडकडं जाणाऱ्या पॅसेंजरमध्ये खिडकीशी बसून तिनं सगळं पुन्हा मांडून पाहिलं, चूक सापडेल या आशेनं.

किरण लागले की काच तपकिरी पडते. बांगड्या तशा झाल्या म्हणजे पूजा टेबलावर असतानाच बिजली चालली. झोत हवेतून जाताना थोडा इकडंतिकडं उधळतो. तो टेबलावर पडला, बांगड्यांवर पडला, हारातल्या बॅजवर पडला. बिजली बालाजीनं चालवली असती तर त्यानं सगळ्यात आधी हारातला आपला बॅज काढला असता. उत्तरानं चालवली असती तर टेबलच बाहेर गेलं असतं, ती स्वतःच तसं म्हणाली होती. चालवणाऱ्याला बॅज हारात आहे हे माहीत नव्हतं. पण मांडलेल्या पूजेतली किल्ली उचलायची तर तिच्या जागी सुपारी ठेवावी, हे त्याला माहीत होतं. हे सगळं जमेल असा माणूस एकच होता. त्याच्या घरात पिढ्यान्पिढ्या भिक्षुकी होती आणि केंद्राच्या दाराची एक किल्ली निवृत्तीनंतरही मानानं त्याच्याकडं होती. दसऱ्याला किल्लीपाशी सुपारी बघितलेल्या बालाजीनंही हे कुणाचं काम ते त्यावरूनच ओळखलं असणार. म्हणून तर त्यानं तोंड मिटलं होतं.

राहिला तो नायट्रोजन. तो कशाला लागला असेल, याचं उत्तर तिला खूप वर्षांपूर्वीच मिळालं होतं. "पाण्यात इलेक्ट्रॉन अडकला की पाणी निळं होतं," नवीन होती तेव्हा व्यंकटरावांनी तिला सांगितलं होतं. "पण ते निळं इतकं थोडं जगतं की डोळ्याला कळत नाही. आपण फक्त पडद्यावर त्याची रेघ बघतो. हां, कॉस्टिक सोड्याचं पाणी नायट्रोजनमध्ये काचेसारखं गोठवलं तर ते निळं आत अडकून बसतं. उजेड लागला की विरतं." गाडीच्या हेलकाव्यांनी तिचा डोळा लागला. स्वप्नात पूर्णेचं पात्र निळंशार गोठलं होतं आणि काठावर कुणीतरी पाठमोरं उभं होतं. तिनं हाक मारली तशी नदी पाण्याची झाली.

चुडाव्याला ती उतरली. स्टेशनापासून जवळच व्यंकटरावांचं घर. दसऱ्यानंतर ते बायकोला घेऊन हैदराबादेला मुलीकडं गेले होते, ते नुकतेच परतले होते. ओसरीवर उन्हात मधुवंतीकाकू तुरीच्या शेंगा सोलत होत्या. बोटांनी चाचपून दाणे एकीकडं, टरफलं एकीकडं.

"कोण आलंय?" त्यांनी मान वर केली. डोळे उघडे होते, पण ते सुकेशनीच्या खांद्यावरून पलीकडं कुठंतरी बघत होते.

तिला हे ठाऊक नव्हतं. डोळ्यांचं काहीतरी ऑपरेशन आहे एवढंच कानावर होतं. ती त्यांच्या पायाशी बसली आणि तिनं आपलं नाव सांगितलं. व्यंकटराव दारात येऊन उभे राहिले. दसऱ्यापासून ते फार खंगले होते.

"सर," ती म्हणाली, "खंडेनवमीला बिजली चालवलीत?"

"चालवली," व्यंकटराव म्हणाले. एवढ्या सरळ उत्तराला ती तयार नव्हती. "सगळी दारं बघून, खोली रिकामी करून. थोडाच वेळ, तास मोजणाऱ्या मीटरचा आकडाही हलला नाही. तुला कसं कळलं?"

"खोली रिकामी नव्हती, सर. पूजा होती. एक पेन्सिल आत राहिली म्हणून तुम्ही मला रडवलं होतंत. मग ते टेबल का नाही बाहेर काढलं?"

व्यंकटरावांनी तिच्याकडं बघितलं. प्रश्नच कळला नाही असा चेहरा झाला त्यांचा.

"मांडलेली पूजा कशी हलवायची, सुकेशनी?"

तिला हसू आलं आणि त्याच वेळी डोळे भरले. बिजलीचा एकेक स्क्रू ओळखणारा हा माणूस नेमका इथं चुकला होता. आणि चुकला तेव्हा आपण चुकतोय असं त्याच्या मनातही आलं नव्हतं.

"त्यांना काय विचारतेस, मी सांगते," मधुवंतीकाकू म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून विचारायची, तुम्ही दिवसभर तिथं करता तरी काय. तर म्हणायचे, निळं पकडायलोय. दाखवा म्हटलं तर म्हणायचे, दिसत नसतं. दवाखान्यातल्या बाईंनी सांगितलं की ऑपरेशननं दिसेलच अशी खात्री नाही. तेव्हा मीच हट्ट धरला. म्हटलं, मला मेलीला एवढं एकदा दाखवाच."

"मग?"

"मला बाहेर खुर्चीवर बसवलं. मग दिवे मालवले आणि वाफांतून ते आणलं." काकूंचे हात शेंगांवर थांबले. "आभाळ नाही तसं, गं. आपल्याकडं कुठल्याच लुगड्यात तो रंग नाही. त्यांनी हळूच एक दिवा लावला तसं ते आतून विरायला लागलं. चहा निवावा एवढा वेळ राहिलं असेल. त्यानंतर मी दवाखान्याच्या भिंती बघितल्या, त्या काही ध्यानात नाहीत. ते आहे." त्यांनी सुकेशनीचा खांदा शोधून त्यावर हात ठेवला. "तू तर रोज तिथंच. तू बघितलंस का?"

"नाही, काकू," सुकेशनी म्हणाली. "आमच्यातल्या कुणीच नाही."

हे असंच इथं सोडून उठावं, परत जावं आणि पथकाला काहीतरी थातूरमातूर सांगावं, असं तिला फार वाटलं. पण लिंबाखालचा बालाजी तिच्या डोळ्यांपुढून हलेना.

"सर, बालाजीचा बॅज त्या हारात होता. उद्या पथक येतंय. तो म्हणतो माझी चूक लिहा, मी सही करतो."

व्यंकटरावांनी दाराची चौकट धरली.

"त्यानं सांगितलं नाही? त्याला ठाऊक असून?"

"एक शब्द नाही."

रुळांवरून एक मालगाडी गेली. मग ते आत गेले आणि खुंटीवरचा कोट घेऊन बाहेर आले. "मधू, शेजारच्यांना सांगून ठेवतो. मी सुकेशनीबरोबर आत्ताच निघतो. उद्यावर ठेवलं तर माझे पाय उचलायचे नाहीत."

सहा

पथकापुढं व्यंकटराव उभं राहूनच बोलले. खुर्ची दिली तरी बसले नाहीत. किल्ली कशी घेतली, झोत किती वेळ सोडला, पूजा का हलवली नाही, सगळं त्यांनी सांगितलं. पथकातल्या एका तरुण अधिकाऱ्याला हसू आवरेना, आणि मग त्यानं व्यंकटरावांचा चेहरा बघून मान खाली घातली. बायकोचं नाव त्यांनी घेतलं नाही. "एक नमुना बघायचा होता," एवढंच म्हणाले. सुकेशनीनं कस्तुराबाईंच्या बांगड्या पुढं ठेवल्या आणि आकड्याचा हिशेब जुळला.

बिजलीला सील लागलं नाही. बॅज पूजेत ठेवला म्हणून बालाजीला लेखी ताकीद मिळाली. तो कागद त्यानं घडी घालून खिशात ठेवला आणि कोपऱ्यात जाऊन डोळे पुसले. व्यंकटरावांना केंद्रात पाऊल ठेवायला कायमची मनाई झाली. त्यांनी खिशातून दाराची किल्ली काढली, उत्तराच्या पुढ्यात ठेवली आणि चष्मा पुसत बाहेर पडले. उत्तरा त्यांच्यामागं फाटकापर्यंत गेली. ती काय बोलली ते कुणाला ऐकू आलं नाही. परत आली तेव्हा बिजली हलवण्याचा विषय तिनं काढला नाही, निदान त्या दिवशी तरी.

दुसऱ्या दिवशी धुकं पुन्हा ज्वारीवर बसलं. बिजली सुरू करण्याआधी सुकेशनी नेहमीसारखी फेरी मारायला निघाली. आतली खोली स्वच्छ होती. बाहेरच्या खोलीतही कुठं कप, कुठं पेन राहू नये असा तिचा दंडक होता आणि तो मोडणाऱ्याची ती गय करत नसे. किल्ल्यांच्या फळीपाशी ती थांबली. एकेकाळी व्यंकटरावांची किल्ली असायची त्या रिकाम्या खुंटीखाली, फळीच्या कडेला, एक सुपारी ठेवलेली होती.

तिनं मागं वळून पाहिलं. बालाजी बिजलीच्या बटणांपाशी बसला होता, तिच्याकडं न बघता, बोलणी खायची तयारी करून. छातीला नवा बॅज होता.

"खोली रिकामी?" त्यानं विचारलं.

"रिकामी," सुकेशनी म्हणाली. तिनं सुपारी होती तिथंच राहू दिली आणि त्याला बिजली सुरू करायला सांगितलं.